टॉक्सिकॉलॉजी, ड्रग सेफ्टी आणि प्रजनन-जनुकशास्त्रातलं रिसर्च करिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या फील्डमध्ये यायचा विचार करणारी मुलं-मुली आणि कधी कधी त्यांचे आईवडीलही मला साधारण हेच प्रश्न परत परत विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही चांगलीच लांबलीत, कारण सगळ्या प्रश्नांत सांगण्यासारखं सारखंच नसतं.

ही तीन वेगवेगळी फील्ड नाहीत का? एकच माणूस तिन्हीत कसं काम करतो?

कागदावर वेगळी आहेत. टॉक्सिकॉलॉजीवाला बघतो की एखादा पदार्थ शरीरात कुठे जातो, किती डोसला काय बिघडवतो. ड्रग सेफ्टीवाला बघतो की हे औषध पेशंटला देण्याइतकं सुरक्षित आहे का, आणि कोणत्या पेशंटला. प्रजनन-जनुकशास्त्रवाला शुक्राणू, स्त्रीबीज, गर्भ आणि त्यातली गुणसूत्रं बघतो. पण कामाला लागलात की थोड्याच दिवसांत लक्षात येतं की तिन्हीकडे एकच प्रश्न पुढे येतो, आणि तो म्हणजे "कधी?" तोच पदार्थ, तोच डोस, पण गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात दिला तर एक, सहाव्या महिन्यात दिला तर दुसरंच, आणि गर्भ राहण्याच्या दोन महिने आधी वडिलांनी घेतला तर आणखी तिसरं. मी या फील्डकडे आले ती याच प्रश्नापायी आणि अजून त्यातच आहे, त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत तो येणारच.

पण "डोसवरच सगळं ठरतं" असं शिकवलं होतं ना?

शिकवलं ते बरोबरच आहे. पॅरासेल्ससने १५३८ मध्ये ते लिहिलं आणि आजही टॉक्सिकॉलॉजीचा पहिला धडा तोच आहे. फक्त मोठ्या माणसाच्या लिव्हर-किडनीचा विचार करताना तो जितका पुरतो तितका गर्भाच्या बाबतीत पुरत नाही, कारण गर्भ दर दिवशी वेगळा असतो. आज हाताच्या कळ्या फुटतायत, चार दिवसांनी बोटं वेगळी होतायत, त्यामुळे डोस किती हे विचारलं की लगेच पुढचा प्रश्न "कोणत्या दिवशी" हा विचारावाच लागतो.

थॅलिडोमाइडची गोष्ट सगळेच सांगतात. रिसर्च करणाऱ्याने त्यातून नेमकं काय घ्यायचं?

खूप काही, म्हणून इथे जरा सविस्तर. हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची गोळी म्हणून बाजारात आलं, गरोदर बायकांना उलट्या-मळमळीवरही दिलं गेलं, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे ते बाजारातून काढेपर्यंत हात-पाय न वाढलेली मुलं अनेक देशांत जन्माला येत होती. एकूण मुलं दहा हजारांच्या वर गेली असं मानतात. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ हे दिवस धोक्याचे होते, आणि त्या दिवसांतही आधी घेतलं तर कान, मग हात, मग पाय, असा क्रम डॉक्टरांना आयांनी सांगितलेल्या तारखांवरून लावता आला. या काळात कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेसुद्धा पक्कं माहीत नसतं.

अमेरिकेत ते औषध का विकलं गेलं नाही, हे मला करिअरच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्रान्सिस केल्सी एफडीएमध्ये, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत, १९६० मध्ये लागल्या आणि महिनाभरातच ही फाइल त्यांच्या टेबलावर आली. सोपी फाइल आहे, युरोपात विकलंच जातंय, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी मात्र माहिती अपुरी आहे म्हणून ती परत परत पाठवली. मग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पत्र आलं, की हे औषध बरेच दिवस घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, नसा बिघडतात. ते वाचून त्यांनी कंपनीला विचारलं की मोठ्या माणसाच्या नसांना हे होतंय तर गर्भात काय होत असेल, त्याचा पुरावा द्या. पुरावा आलाच नाही.

हा प्रश्न त्यांनाच का सुचला असेल? शिकागोला शिकत असताना, १९३७ मध्ये, सल्फानिलामाइड एलिक्झिर या पातळ औषधाने शंभराहून जास्त माणसं गेली तेव्हा त्यातला डायएथिलीन ग्लायकॉल हाच खरा मारेकरी आहे हे प्राण्यांवर दाखवणाऱ्या टीममध्ये त्या होत्या. पुढे युद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांनी पाहिलं होतं की मोठा ससा क्विनीन पटकन पचवून टाकतो पण सशाच्या गर्भाला ते जमतच नाही. म्हणजे आई आणि गर्भ एकाच औषधाला वेगवेगळं तोंड देतात हे त्यांनी वीसेक वर्षं आधी स्वतःच्या प्रयोगात बघितलं होतं. रिसर्चमधलं एखादं छोटं निरीक्षण, ज्याचा त्या वेळी फारसा गाजावाजा होत नाही, ते पुढे कुठे कामी येईल सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते नीट करून ठेवायचं. १९६२ मध्ये अमेरिकेत केफॉवर-हॅरिस दुरुस्ती झाली आणि औषध विकण्याआधी ते काम करतं याचाही पुरावा देणं कंपन्यांना सक्तीचं झालं. केल्सी नव्वदीपर्यंत एफडीएमध्ये काम करत होत्या, २०१५ मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या.

मग उंदरांवर टेस्ट करून ते आधीच कळलं नसतं का?

नसतं, आणि हेच तर भयंकर आहे. उंदीर-घुशींना (लॅबमधले माउस आणि रॅट) थॅलिडोमाइड तसं बाधतच नाही, सशांना आणि माकडांना बाधतं. का, हे कळायला २०१० उजाडलं. जपानमधल्या टीमने दाखवलं की हे औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. मग २०१८ मध्ये कळलं की त्यामुळे पेशी एसएएलएल४ हे हात-पाय घडवायला लागणारं प्रथिन चुकून मोडून टाकते. उंदराचं सेरेब्लॉन मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, त्यामुळे तिथे हा सगळा प्रकार घडत नाही. म्हणून आज साधारणपणे गर्भावरची टेस्ट एका कुरतडणाऱ्या प्राण्यात आणि एका दुसऱ्या प्राण्यात, बहुतेकदा सशात, अशी दोन ठिकाणी करतात. आणि हो, तेच औषध आज कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक रिअॅक्शनवर आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर कडक बंधनं घालून वापरतात.

एखाद्या शास्त्रज्ञाचं अख्खं करिअर या तिन्ही विषयांतून गेलंय असं उदाहरण आहे का?

माझ्यासाठी लियान रसेल. व्हिएन्नात १९२३ चा जन्म, १९३८ मध्ये नाझींमुळे घर सोडावं लागलं, मग अमेरिका, आणि १९४७ पासून ओक रिजच्या सरकारी लॅबमध्ये नवरा विल्यम रसेल यांच्याबरोबर उंदरांवर काम. त्यांनी गाभण उंदरांना वेगवेगळ्या दिवशी एक्स-रे दिले आणि कोणत्या दिवशी दिला तर पिल्लात कोणता दोष येतो याचा दिवसवार तक्ताच तयार केला. त्यावरून १९५२ मध्ये दोघांनी सुचवलं की बाळ होऊ शकेल अशा वयाच्या बाईच्या ओटीपोटाचा तातडीचा नसलेला एक्स-रे पाळी आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच काढा. तेव्हा डॉक्टरांना ते जड गेलं, पण पुढे तो सल्ला बऱ्याच ठिकाणी नियम झाला. इथपर्यंत झाली टॉक्सिकॉलॉजी.

मग त्याच उंदरांमध्ये विचित्र निकाल दिसले म्हणून त्या जनुकशास्त्रात खोल गेल्या. १९५९ मध्ये सस्तन प्राण्यांत वाय गुणसूत्र असेल तर नर होतो हे उंदरात दाखवणाऱ्यांत त्या होत्या, त्या आधी फळमाशीवरून लोक वेगळंच धरून चालले होते. मादीच्या दोन एक्सपैकी एक बंद पडतो या कामातही त्यांचा वाटा आहे. आणि पुढे औषधं. क्लोरॅम्ब्युसिल हे कॅन्सरचं औषध नर उंदरांच्या जननपेशींत मोठे मोठे डीएनएचे तुकडेच उडवतं हे त्यांच्या ग्रुपने १९८९ मध्ये छापलं. त्यातली मजा बघा, क्लोरॅम्ब्युसिलचा सगळ्यात जास्त मार अर्धवट तयार झालेल्या शुक्राणूंना, तर विल्यम रसेल यांनी १९७९ मध्ये दाखवलेल्या ईएनयू या रसायनाचा मार त्याच्या कितीतरी आधीच्या मूळ पेशींना. एकाच वृषणात दोन रसायनं, दोन वेगळ्या वेळा. म्हणजे एका रसायनाचं नुकसान काही आठवड्यांत निघून जाईल आणि दुसऱ्याचं त्या नराच्या पिल्लांत आयुष्यभर येत राहील.

लॅबमध्ये दिवसभर नेमकं काय करता?

वर्षातला बराचसा वेळ प्लॅन, रिपोर्ट आणि डेटा तपासण्यात जातो हे आधीच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड नको. पण हाताचं काम सांगायचं तर गर्भाची तपासणी सांगते. गाभण घुशीची विसाव्या-एकविसाव्या दिवशी, म्हणजे विण्याच्या थोडं आधी, तपासणी होते. आधी अंडाशयावरचे पिवळसर फुगीर ठिपके मोजायचे, ते कॉर्पोरा ल्युटिया, जितके ठिपके तितकी बीजं सुटली. मग गर्भाशयात किती जागी गर्भ रुजला ते मोजायचं, मग किती जिवंत, किती मध्येच विरघळून गेले. ठिपके चौदा आणि रुजलेले नऊ असतील तर पाच रुजायच्या आधीच गेले, आणि ही नोंद करायची राहून गेली तर नुकसान कोणत्या टप्प्यावर झालं हेच हरवतं.

मग सांगाडा. पिल्लाची कातडी आणि आतडी काढून, अल्कोहोलमध्ये ठेवून, दोन रंगांत बुडवतात. कूर्चा निळी होते, हाड लाल, आणि मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात मांस हळूहळू काचेसारखं पारदर्शक होत जातं. शेवटी ग्लिसरीनमध्ये बोटाच्या पेराएवढा लाल-निळा सांगाडा तरंगताना दिसतो, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक बरगडी मोजायची. घुशीला तेरा जोड्या असतात. चौदावी छोटीशी ठिपक्यासारखी बरगडी काही पिल्लांत औषध न देताही असते, त्यामुळे ती दिसली की लगेच घाबरायचं नाही, पण डोसबरोबर तिची संख्या आणि लांबी वाढत चालली तर मात्र थांबून बघायचं. कोणतं पिल्लू कोणत्या ग्रुपचं हे मोजणाऱ्याला माहीत नसलेलं बरं, कारण माहीत असलं की डोळा आपोआप तेच शोधायला लागतो.

स्टॅटिस्टिक्स किती यायला लागतं?

वाटतं त्यापेक्षा जास्त, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे ती म्हणजे लिटर इफेक्ट (लिटर म्हणजे एका मादीची एका खेपेची पिल्लं). समजा एका ग्रुपमध्ये २० माद्या आणि प्रत्येकीला १२ पिल्लं, तर नवीन माणूस म्हणतो माझ्याकडे २४० चा सॅम्पल आहे. नाहीये. तुमच्याकडे २० चा सॅम्पल आहे. औषध आईला दिलं होतं, आणि एका आईची सगळी पिल्लं एकाच गर्भाशयात, एकाच रक्तावर वाढली, त्यामुळे ती एकमेकांसारखीच असणार. २४० धरून गणित केलं की नसलेले परिणाम "सिग्निफिकंट" दिसायला लागतात. पेपर वाचताना मी हे पहिलं बघते, आणि छापलेल्या पेपरांतही ही गडबड सापडते म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

या सगळ्यात पुरुषांचा काय संबंध?

पुष्कळ आहे, आणि त्याकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या आपापसात बोलता बोलता लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलंच होत नाहीयेत. तपासलं तर डीबीसीपी या रसायनाजवळ काम करणाऱ्यांत शुक्राणू एकदम कमी किंवा नव्हतेच. दुःखाची गोष्ट अशी की घुशींची वृषणं या रसायनाने आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आलेलं होतं. डेटा होता, तो कामगारांच्या बाजूने वाचणारं कोणी नव्हतं.

माणसात मूळ पेशीपासून शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण अडीच महिने लागतात, उंदरात शुक्राणू घडायलाच सुमारे ३५ दिवस. म्हणून पुरुषाने आज काय घेतलं यापेक्षा गेल्या तीन महिन्यांत काय घेतलं हे जास्त कामाचं. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाबद्दल पुरुषांसाठीही खबरदारी सांगितली ती याच हिशोबाने, गर्भ राहण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील हे औषध घेत असतील तर मुलांत मेंदूच्या वाढीच्या समस्या साधारण शंभरात पाच, आणि फिटच्याच दुसऱ्या दोन औषधांपैकी एखादं घेणाऱ्यांच्या मुलांत शंभरात तीन, असं एका अभ्यासात दिसलं. त्या अभ्यासाला मर्यादा आहेत म्हणून भाषा "शक्यता" अशी आहे, आणि ती तशीच ठेवणं बरोबर आहे. आईने गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेण्याचा धोका मात्र याच्यापेक्षा खूपच मोठा आणि पक्का माहीत असलेला आहे, साधारण शंभरात अकरा मुलांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० मुलांत वाढीच्या समस्या.

आणि स्त्रीबीजांचं?

त्यांचं वेळापत्रक तर थक्क करणारं आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात, गुणसूत्रं वाटण्याची प्रक्रिया सुरू करतात आणि मध्येच थांबतात, ती थांबलेली प्रक्रिया पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी एखाद्या महिन्यात पुरी होते. म्हणजे गरोदर बाईच्या शरीरात काही गेलं तर एका वेळी ती, तिची मुलगी आणि मुलीच्या पोटातली बीजं, म्हणजे अर्धी नातवंडं, असं सगळ्यांपर्यंत ते पोचू शकतं.

इथे पॅट्रिशिया हंट यांची हकीकत सांगायलाच हवी. १९९८ मध्ये त्यांच्या लॅबमधल्या कंट्रोल ग्रुपच्या उंदरांमध्ये, ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं, अचानक बीजातल्या गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली दिसायला लागली, नेहमी एक-दोन टक्के असायची ती चाळीस टक्क्यांवर गेली. बराच शोध घेतल्यावर कळलं की पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या, प्लास्टिक खराब झालं होतं आणि त्यातून बिस्फेनॉल ए पाझरत होतं. मग त्यांनी ते मुद्दाम करून तपासलं आणि २००३ मध्ये छापलं. काही वर्षांनी परत तसंच झालं, या वेळी बिस्फेनॉल ए च्या जागी आलेल्या पर्यायी रसायनांमुळे, ते २०१८ मध्ये छापलं. मुलांना मी नेहमी सांगते की कंट्रोल ग्रुप बिघडला तर डेटा फेकून देऊ नका, आधी पिंजरा बघा, बाटली बघा, खाणं बघा, धुणाऱ्याला विचारा.

मग केमिकल्समुळे म्युटेशन (डीएनएतले बदल) पुढच्या पिढीत जातात हे सिद्ध झालंय का?

उंदरात हो, माणसात अजून निर्विवाद असं नाही. हे ऐकून लोक चकित होतात. रसायनाने म्युटेशन होतं हे शार्लट आउरबाख यांनी एडिनबरात मस्टर्ड गॅस आणि फळमाशी घेऊन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाखवलं, युद्धातल्या गुप्ततेमुळे ते १९४६ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर उंदरांच्या जननपेशींत म्युटेशन करणारी बरीच रसायनं सापडली. पण माणसांत, किरणोत्सर्गाचा मार बसलेल्यांतही तसं दिसलेलं नाही: हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये जेम्स नील, विल्यम शुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं शोधूनही म्युटेशनची स्पष्ट वाढ मिळाली नाही. चेर्नोबिल साफ करणाऱ्यांच्या मुलांच्या पूर्ण जीनोममध्येही, २०२१ च्या अभ्यासात, जास्तीची नवी म्युटेशन दिसली नाहीत.

याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. प्रत्येक मुलात तशीही साठेक नवी म्युटेशन असतात आणि वडिलांचं वय एक वर्षाने वाढलं की त्यात एक-दोनची भर पडते, तेव्हा या गर्दीत थोडीशी वाढ ओळखणं फार अवघड आहे. आता आईवडील आणि मूल, तिघांचा जीनोम वाचून थेट मोजता येतं. मला विचाराल तर पुढच्या पिढीसाठी या फील्डमधलं सगळ्यात मोकळं रान इथे आहे.

औषध बाजारात आलं की सेफ्टीचं काम संपतं ना?

उलट गरोदरपणाच्या बाबतीत ते तिथून खरं सुरू होतं. क्लिनिकल ट्रायलमध्ये गरोदर बायकांना सहसा घेत नाहीत, त्यामुळे औषध मंजूर होतं तेव्हा माणसातला डेटा जवळपास शून्य असतो. मग रजिस्ट्री (औषध घेतलेल्या गरोदर बायकांच्या नोंदवह्या), हॉस्पिटलच्या नोंदी, यांतून हळूहळू चित्र तयार होतं. "तीनशे बायकांनी घेतलं आणि अमुक व्यंग एकाही बाळात नाही" असं वाचलं तर गणिताने त्याचा अर्थ एवढाच की त्या व्यंगाचा धोका एक टक्क्यापर्यंत असूही शकतो. काहीच औषध न घेता साधारण शंभरात तीन बाळांना काही ना काही मोठं व्यंग असतंच, त्यामुळे तुलना कोणाशी करताय हे आधी विचारायचं.

डीईएसचं उदाहरण तर प्रत्येकाने वाचावं. हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळायला म्हणून १९४० च्या दशकापासून दिलं गेलं. १९५३ मध्येच शिकागोच्या मोठ्या ट्रायलने दाखवलं की उपयोग होत नाही, तरी देणं चालूच राहिलं. बाळं दिसायला निरोगी जन्मली. आणि १९७१ मध्ये आर्थर हर्बस्ट यांनी तरुण मुलींमधल्या योनीमार्गाच्या एका अतिशय दुर्मिळ कॅन्सरच्या आठ केसेस छापल्या, त्यातल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. डोस पोटात असताना, आजार वीसेक वर्षांनी.

प्राण्यांवर प्रयोग करावेच लागतात का? मला ते जमणार नाही.

आज तरी पूर्णपणे सुटका नाही, पण सगळ्यांना ते करावं लागत नाही. एम्स टेस्ट (रसायन म्युटेशन करतं का हे बघणारी) बॅक्टेरियावर होते, मायक्रोन्यूक्लियस टेस्ट (गुणसूत्रांचं नुकसान बघणारी) पेशींवर करता येते, झेब्राफिश, स्टेम सेल, कॉम्प्युटर मॉडेल यांवर अख्खी करिअर उभी आहेत. आयसीएच म्हणजे औषधांचे नियम देशोदेशी सारखे ठेवणारी संस्था; २०२० मध्ये तिच्या प्रजननावरच्या टेस्टसाठीच्या एस५ गाइडलाइनच्या नव्या आवृत्तीने काही परिस्थितीत पर्यायी टेस्टना जागा दिली, आणि अमेरिकेने २०२२ च्या शेवटी औषधासाठी प्राण्यांच्या टेस्टची कायद्यातली सक्ती काढली. तरी आई, नाळ, गर्भ, हॉर्मोन हे सगळं एकत्र असलेली सिस्टिम डिशमध्ये अजून नाही. जमणार नाही असं वाटत असेल तर ते मोकळेपणी सांगा, त्यात कमीपणा काही नाही. आणि जे करतात त्यांनी प्रत्येक जनावराचा डेटा पूर्ण वापरायचा, नीट न आखलेला प्रयोग हा त्या जनावरांवर अन्यायच आहे असं माझं ठाम मत आहे.

शिक्षण काय लागतं? पीएचडी पाहिजेच का?

फार्मसी, व्हेटर्नरी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, जेनेटिक्स, मेडिसिन, कुठूनही येता येतं. स्वतंत्रपणे रिसर्चचा प्रश्न ठरवायचा असेल तर पीएचडी लागतेच म्हणा. स्टडी चालवणं, पॅथॉलॉजीचं टेक्निकल काम, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं), डेटा, यांत मास्टर्सवरही चांगलं काम मिळतं. पुढे अनुभव झाल्यावर टॉक्सिकॉलॉजीची बोर्ड परीक्षा देता येते. हिस्टॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी-ऊती बघणं, मात्र मनापासून शिका. घुशीच्या वृषणातल्या नळ्यांचे चौदा टप्पे स्लाइडवर ओळखता येणारा माणूस नुकसान कोणत्या पेशीला आणि साधारण किती दिवसांपूर्वी झालं हे सांगू शकतो, आणि अशी माणसं कमी आहेत.

कंपनी, युनिव्हर्सिटी की सरकारी रेग्युलेटर?

युनिव्हर्सिटीत प्रश्न तुमचा, पैसा मात्र सतत शोधायचा. कंपनीत प्रश्न औषधाने ठरवलेला, पण तुमच्या एका अहवालावर औषध थांबतं किंवा डोस बदलतो. रेग्युलेटरकडे स्वतःचे प्रयोग कमी, वाचन अफाट. कंपनी-रेग्युलेटर दोन्हीकडचं काम कसं असतं याचा अंदाज यावा म्हणून सांगते, २०१८ मध्ये बीपीच्या व्हल्सार्टन गोळ्यांमध्ये एनडीएमए ही अशुद्धी सापडली. साधारण म्युटेशन करू शकणाऱ्या अशुद्धीला दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा असते, एनडीएमएला ती ९६ नॅनोग्रॅमच ठेवली. अशा वेळी केमिस्ट, टॉक्सिकॉलॉजिस्ट, डॉक्टर सगळे बसून ठरवतात की गोळ्या परत मागवल्या तर पेशंटचं बीपी कोण सांभाळणार, आणि नाही मागवल्या तर धोका किती.

निकाल बदलायचं प्रेशर येतं का?

थेट "आकडा बदला" असं क्वचित, "हे रिपोर्टमध्ये इतकं ठळक हवं का" असं जास्त. कच्च्या नोंदी शाईने, तारखेसकट, खाडाखोड केली तरी मूळ आकडा दिसेल अशा ठेवायच्या हा जीएलपीचा (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे लॅबच्या कामाची नियमावली) नियम अशा वेळी तुमच्या पाठीशी उभा राहतो.

मी गरोदर आहे / प्लॅन करतेय. गोळी बंद करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नेहमी तेच: स्वतःहून बंद करू नका. फिट, डिप्रेशन, थायरॉइड, दमा यांची औषधं अचानक सोडली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका होऊ शकतो. गर्भ राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, औषध बदलायचं असेल तर तेव्हा वेळ असतो. आणि राहून गेलं असेल तर गोळीचं नाव, डोस आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतली ते लिहून न्या, डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच लागतं.

लॅबमध्ये असताना मी गरोदर राहिले तर?

सुपरवायझरला लवकर सांगा. पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक आणि नेमके तेव्हाच लोक सांगायला थांबतात. चांगल्या लॅबमध्ये म्युटाजेन (म्युटेशन करणारी रसायनं), सॉल्व्हंट, सायटोटॉक्सिक (पेशी मारणारी) औषधं यांचं काम दुसऱ्याकडे देतात आणि तुमचं रिसर्च डेटा, स्लाइड, लेखन यांवर चालू राहतं. हे पुरुषांनाही लागू आहे, तीन महिन्यांचा हिशोब वर दिलाच आहे.

सुरुवात कुठून करू?

सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी, टेराटॉलॉजी सोसायटी म्हणून १९६० मध्ये सुरू झालेली आणि आता सोसायटी फॉर बर्थ डिफेक्ट्स रिसर्च अँड प्रिव्हेन्शन म्हणवणारी संस्था, आणि १९६९ पासूनची एन्व्हायर्नमेंटल म्युटाजेनेसिसवाल्यांची संस्था, या तिन्हींच्या परिषदांचे गोषवारे चाळा. आयसीएचच्या एस२ (जनुकांच्या नुकसानीच्या टेस्ट), एस५ आणि एम७ (म्युटेशन करणाऱ्या अशुद्धी) गाइडलाइन फुकट डाउनलोड होतात, त्यातली एस५ आधी वाचा. वाचताना प्रत्येक टेस्टपुढे औषध कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत द्यायचं लिहिलंय ते वहीत उतरवा आणि त्या दिवसांत गर्भात किंवा वृषणात काय घडत असतं ते शेजारी लिहा. इंटर्नशिपसाठी कोणाला मेल करणार असाल तर त्या वहीतलं एक पान जोडा, नुसत्या मार्कलिस्टपेक्षा ते आम्ही जास्त लक्ष देऊन वाचतो.